हवेचे पैसे

2018 च्या दिवाळीपर्यंत मी मालवणातल्या एका डायव्हिंगवाल्याकडून सिलिंडर भरून आणायचो. एका सिलिंडरचे ₹300. माझ्याकडे सहा सिलिंडर, एक होडी, हाताखाली दोन पोरं आणि सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांपाशी पर्यटकांना पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली फिरवून आणायचा धंदा. संध्याकाळी रिकामे सिलिंडर टेम्पोत घालायचे, सकाळी भरलेले उचलायचे आणि ₹1800 मोजून द्यायचे. बाबांनी सारा जन्म रापणीवर काढलेला. एकदा त्यांच्या हाती पावती लागली. ती उलटीसुलटी करून त्यांनी विचारलं, “वाऱ्याक पैसे देतंस तू?”

मी हसलो. पण मला तेच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मी जो हिशेब मांडला, तो अजून आहे. सिलिंडर 12 लिटरचा, दाब 200 बार, म्हणजे आत 2400 लिटर हवा. मिनिटाला 100 लिटर भरणारा छोटा पेट्रोल कॉम्प्रेसर घेतला तर 24 मिनिटांत काम झालं. तासाला पावणेदोन लिटर पेट्रोल धरलं, भाव तेव्हा ₹80 च्या पुढे. सिलिंडरमागे साठएक रुपये. बाकीचे ₹240 माझे. शिवाय शेजारच्यांचेही सिलिंडर भरून देता येतील, ₹200 घेऊन. खाली मी ‘तेल, फिल्टर – किरकोळ’ असं लिहिलं होतं. समोर आकडाच नव्हता.

जुनं मशीन पावणेदोन लाखांना मिळालं. त्याच्यासोबत चार जुने सिलिंडर स्वस्तात आले, तेही घेतले. त्यांच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचायचे कष्टही मी घेतले नाहीत. पुढे तपासायला दिले तेव्हा एकाच्या आत गंजाचा चुरा निघाला. 200 बारचा सिलिंडर 300 बारपर्यंत पाणी भरून तपासतात ते उगाच नाही. तसा सिलिंडर भरताना मी त्याच्याशेजारी बसून चहा प्यायचो.

24 मिनिटांचं गणितही कागदावरच राहिलं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, ते दर दहा-पंधरा मिनिटांनी काढून टाकावं लागतं. मशीन तापलं की थांबावं लागतं. सहा सिलिंडरांना सकाळचे साडेतीन तास जायचे. मग मी घाई करायला लागलो. भराभर भरलेला सिलिंडर तापतो, काटा 200 दाखवतो आणि तासाभराने गार झाला की 175 वर येतो. माझ्याकडून भरून नेणाऱ्या शेजाऱ्याला मी तो गरम असतानाच काटा दाखवायचो. त्याने एकदा विचारलं तेव्हा म्हणालो, “तुझा गेज खराब असेल.”

पण खरी गोष्ट फिल्टरची आहे.

त्या नळकांड्यात ओल शोषणारे दाणे असतात आणि तेलाची वाफ धरणारा कोळसा. कार्ट्रिजवर किती तास चालेल ते छापलेलं असतं, पण ते तास 20 अंश तापमानाला धरलेले. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा 30 च्या वर. 20 अंशांवर एका घनमीटर हवेत 17 ग्रॅम बाष्प मावतं, 30 अंशांवर 30 ग्रॅम. म्हणजे कोकणात ते कार्ट्रिज छापील तासांच्या आधीच बदलायला हवं. मी ते छापील तासांच्या दुपटीहून जास्त चालवलं. मुंबईहून मागवायचं, पैसे आगाऊ भरायचे, आणि समोर नाताळाची गर्दी. हंगाम उरकला की बदलू म्हटलं.

मतलई वारे आणि खारे वारे आम्हाला शाळेत शिकवावे लागत नाहीत. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा दुपारच्या सुमारास उलटा होतो. म्हणून मी मशीन किनाऱ्याकडच्या शेडखाली असं ठेवलं होतं की हवा ओढायचा पाइप माडांच्या बाजूला आणि इंजिनाचा धूर समुद्राकडे. दुपारनंतर भरायचं असेल तर पाइप उचलून दुसरीकडे न्यायचा, एवढंच. पण त्यासाठी मशीन बंद करून दहा मिनिटं घालवावी लागत.

नाताळात एके दिवशी सकाळचे एक सोडून सगळे सिलिंडर साडेअकरालाच संपले. किनाऱ्यावर लोक थांबलेले. मी पुन्हा मशीन चालू केलं. आमचे होडीवाले काका जाळ्याची दोरी गुंडाळत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “वारो फिरलो रे. पायप बघ.”

“तीनच भरायचे आहेत,” मी म्हणालो.

भरून झाल्यावर नेहमीप्रमाणे व्हॉल्व्ह थोडा उघडून वास घेतला. रस्त्यावर ट्रकमागे उभं राहिल्यासारखा, पण पुसट. नव्या नळीच्या रबराचा असेल, असं मी पोरांना सांगितलं. नळी दोन महिन्यांची होती.

पहिला सिलिंडर घाटावरून आलेल्या एका बाईंना लावला, दुसरा त्यांना घेऊन उतरणाऱ्या माझ्याकडच्या एका पोराने घेतला. सहा मीटरच्या आसपासच गेले ते. वर आल्यावर बाईंनी कपाळ धरलं आणि होडीच्या कडेवर वाकून ओकल्या. मी म्हणालो, “समुद्र लागला ताई, होतं असं.” त्यांना लिंबूपाणी दिलं. त्यांचे यजमान उलट मलाच सॉरी म्हणाले. पोराचंही डोकं दुखत होतं. त्याला “सकाळी जेवला नाहीस” म्हणून गप्प केलं. तिसरा सिलिंडर पाठीला लावून पुढच्या गिऱ्हाइकाबरोबर मी स्वतः उतरलो. गिऱ्हाइकाच्या पाठीवर सकाळचा सिलिंडर होता, हे नशीब. दहाव्या मिनिटाला माझ्या कानशिलांत घण पडायला लागले, तेव्हा मला सगळं आठवलं.

धुराला वास येतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नाही. साधा कोळशाचा फिल्टर तो अडवतही नाही. ऑक्सिजनपेक्षा तो रक्ताला दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि सहा मीटरवर दाब दीडपटीच्या वर गेलेला असल्याने तेवढ्याच विषाचा जोर वाढतो. पहिली लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे नेमकी समुद्र लागल्यासारखीच. हे सगळं मी कोर्सच्या परीक्षेत लिहून आलो होतो.

वर आल्यावर तिन्ही सिलिंडर वाळूवर आडवे ठेवले आणि व्हॉल्व्ह उघडून दिले. बराच वेळ फुसफुसत होते. लोकांना वाटलं, काहीतरी प्रात्यक्षिक चाललंय. संध्याकाळी फिल्टर उघडला तर कोळशाचा ओला गोळा झालेला, त्याला इंजिनाच्या तेलाचा आंबूस वास.

बाबांना काही सांगितलं नाही. काकांना सांगायची गरज नव्हती.

मशीन मार्चात विकलं, एक लाख दहा हजारांना. घेणाऱ्याला फिल्टर आणि पाइपाबद्दल अर्धा तास समजावलं. त्याने ऐकलं असेल अशी आशा आहे. मी पुन्हा जुन्या दुकानात गेलो. मालकाने काही विचारलं नाही, फक्त भाव आता ₹350 झालाय म्हणाला. रांगेत उभा असताना मी पहिल्यांदाच त्यांच्या छपराकडे नीट पाहिलं. हवेचा पाइप कौलांच्याही वर पुरुषभर उंच नेलेला होता. मशीन विजेचं, आणि भिंतीला टांगलेल्या वहीत प्रत्येक दिवसाचे तास आणि कार्ट्रिज बदलल्याच्या तारखा. इतकी वर्षं मी तिथे उभं राहून फक्त दरपत्रकच वाचत होतो. भरलेले सिलिंडर पाण्याच्या हौदात उभे होते, गार होत. काटा मी गार झाल्यावरच पाहिला. बरोबर 200.

होडीत बसण्याआधी आम्ही प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर रजिस्टरात लिहून घेतो. त्या बाईंचाही आहे, त्यांच्याच अक्षरात. एकदोनदा नंबर फिरवून रिंग जायच्या आधी बंद केला. मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.