सहा महिन्यांचा नियम

नागपूरचा वकील रायपूरला येऊन वकिली करू लागला, की सहा महिन्यांच्या आत त्याला आपलं नाव महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या नामावलीतून छत्तीसगडच्या नामावलीत नेण्यासाठी अर्ज करावा लागतो. न केल्यास ते व्यावसायिक गैरवर्तन समजलं जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पाळणारे किती, हा प्रश्न वेगळा. मी मुदतीत अर्ज केला, पण दातओठ खात. हा नियम गुंडाळून टाका आणि देशभर एकच नामावली ठेवा, असं मी बाररूममध्ये ऐकेल त्याला सांगत असे. आता सांगत नाही.

माझी बाजू तेव्हा मला बिनतोड वाटायची. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चा. त्यातलं कलम ३० वकिलाला भारतभर कुठल्याही कोर्टात उभं राहण्याचा हक्क देतं, पण ते लागू व्हायला जून २०११ उजाडला. पन्नास वर्षांनी पदरात पडलेल्या हक्काला पुन्हा राज्याराज्यांचं कुंपण कशाला? दिवाणी प्रक्रिया संहिता तीच, साक्षीपुराव्याचा कायदा तोच, सनदेनंतरची बार परीक्षाही सगळ्या देशाला एकच.

शिवाय रायपूर मला परकं कधी वाटलंच नाही. तात्यापाऱ्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, आणि १९३६ पासून १९५६ पर्यंत इथली अपिलं आमच्या नागपूरच्याच हायकोर्टात जात होती. मग जबलपूर आलं, २००० नंतर बिलासपूर. छत्तीसगड झालं तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाच्या नामावलीवरच्या वकिलांनी वर्षभरात नुसता लेखी विकल्प द्यायचा, की नाव नव्या राज्याकडे गेलं. घर न हलवता राज्य बदललेल्या या मंडळींचं एका कागदावर भागलं. मी घर हलवलं, तर माझी फाइल दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियापर्यंत! तक्रारीवर कारवाई सुरू नसल्याचा दाखला, सनदेची प्रत, बदलीचं कारण. कारण काय लिहायचं? बायकोची नोकरी इथे आहे, हे.

अर्ज तिकडे पडून होता त्या दिवसांत एक आजी आल्या. भाडेकरूचं प्रकरण. कापडी पिशवीत भाड्याच्या पावत्या वर्षावार लावलेल्या, प्रत्येक गठ्ठ्याला साडीच्या काठाची पट्टी बांधलेली. आधीच्या वकिलाने फी घेतली, मूळ करारनामा घेतला आणि फोन उचलणं बंद केलं. तो दुसऱ्या राज्यातून इथे येऊन बसलेला होता आणि नाव तिकडच्याच नामावलीत होतं. त्याच्यावर कारवाई व्हावी, एवढंच आजींना हवं होतं.

मी त्यांना कलम ३५ समजावून सांगितलं. वकिलाविरुद्धची तक्रार ज्या राज्याच्या नामावलीत त्याचं नाव आहे, त्या राज्याच्या बार कौन्सिलपुढे चालते. बिलासपूरची छत्तीसगड बार कौन्सिल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकत नाही. तक्रार त्याच्या राज्यात पाठवा, सुनावणी लागली की तिकडे जा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि वकीलसाहेब, तुमचं नाव कुठे आहे? उद्या तुम्हीच गडबड केली, तर शिकायत कुठे करू?"

मुंबईला, हे त्याचं खरं उत्तर होतं. मी ते दिलं. आजींनी पावत्यांचा एक गठ्ठा पिशवीत परत ठेवला. उरलेले टेबलावर राहिले, म्हणून मला ते काम मिळालं असं धरून चालतो.

त्या दिवसापर्यंत मी नामावलीकडे वकिलाच्या सोयीगैरसोयीच्या बाजूनेच पाहत होतो. माझा हक्क, माझी फाइल, माझी दगदग. अशिलाच्या खुर्चीत बसून पाहिलं, तर त्या यादीचा उपयोग एकच आहे: याचा कान धरायचा तर कुणी? तो धरणारा अशिलाच्या गावाजवळ असावा, वकिलाच्या माहेरी नव्हे. रायपूरहून सकाळच्या गाडीने बिलासपूरला जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. मुंबईला तारखेवर जाणं सत्तरीच्या बाईला जमायचं नाही, आणि हे लबाड वकिलाला पक्कं ठाऊक असतं. अलाहाबाद हायकोर्टाचा नियम आहे की बाहेरच्या राज्याच्या नामावलीतल्या वकिलाने स्थानिक वकिलाला वकीलपत्रात सोबत घ्यावं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तो उचलून धरला, तेव्हा मी त्याला दुकानदारी म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

नामावली बदलल्याने स्थानिक कायदा मात्र येत नाही. आजींचं प्रकरण २०११ च्या छत्तीसगड भाडे नियंत्रण कायद्याखाली चालणार होतं. तिथे दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण अधिकाऱ्यापुढे जावं लागतं आणि अपील न्यायाधिकरणाकडे. या कायद्याने हायकोर्टाला वळसा घालून थेट सुप्रीम कोर्टात अपिलाची वाट काढून दिली होती! राज्याच्या विधिमंडळाला तो अधिकारच नाही, म्हणून घटनापीठाने २०१९ मध्ये ती तरतूद रद्द केली. यातलं अक्षरही मला बदलीच्या अर्जात कुणी विचारलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याच्या अनुभवी वकिलालासुद्धा परीक्षेला बसवतं. न्यूयॉर्क काही राज्यांच्या वकिलांना गेल्या सात वर्षांत पाच वर्षं वकिली केलेली असेल तर परीक्षेविना घेतं. तेवढं कडक आपल्याकडे नको, पण राज्याच्या जमीन आणि भाडे कायद्यांची चार दिवसांची शिकवणी सक्तीची केली तर मी पहिल्या बाकावर बसेन.

एका बाबतीत माझं मत तसूभरही हललेलं नाही. ते म्हणजे पैसे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम १८ म्हणतं, नावाची ही बदली कुठलंही शुल्क न घेता करायची. तरी अनेक ठिकाणी या ना त्या नावाखाली रक्कम मागितली जाते. सनद देताना कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ रोजी राज्यांच्या बार कौन्सिलना बजावलं आहे. बदलीच्या बाबतीत तर कायद्यातली रक्कमच शून्य आहे.

तेव्हा नागपूर-अमरावतीहून इकडे येणाऱ्या तरुण वकिलांनो, सहा महिने संपायच्या आत अर्ज करा. कुणी पैसे मागितले, तर कलम १८ दाखवा आणि पावती मागा.