ठासणीच्या बंदुकीची पारख

'फुसका बार', 'ठासून भरणे', 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' हे शब्द आपल्या बोलण्यात रोज येतात. परंतु गजाने दारू ठासून, वर केप बसवून बार काढावयाची बंदूक डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच राहिली असतील. आमच्या खानापूर भागात मात्र ती अजून जिवंत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी भाताला लोंबी धरू लागली, की रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून जातात. अशा वेळी माळ्यावर बसून राखण करणाऱ्या शेतकऱ्यास शेतीसंरक्षणाचा परवाना मिळू शकतो, आणि त्यावर बहुधा हीच बंदूक येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस संपविली. आता हिचे काम आवाजाचे, जनावर पिटाळण्याचे. पण आवाज काढावयाचा तरी दारू तीच, नळी तीच आणि गालापासूनचे अंतरही तेच.

माझ्या भाच्यास असा परवाना मिळाला तेव्हा त्याने मला बेळगावास सोबत नेले. परवानाधारक वारला, की वारसांना बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करावी लागते. अशा दोन जुन्या बंदुका त्या दुकानी होत्या. एक साधी, काळवंडलेली, दस्त्याच्या मानेला पितळी तार गुंडाळलेली. दुसरी देखणी, लांब, पितळेच्या चकचकीत साजाची. कळीच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द कोरलेला. विक्रेते म्हणाले, "ही पलटणीची अस्सल रायफल आहे, साहेब." भाच्याची नजर तिच्यावरच खिळली.

"मामा, हीच घेऊ या. दस्ता तरी पाहा!"

"दस्ता तू खांद्याला लावशील, पण तुझा गाल नळीच्या बुडाशी राहील. आधी बूड पाहू."

मी इतका चिकित्सक होण्यास कारण होते. माझ्या लहानपणी शेजारच्या गावातील एका राखणदाराचा डावा पंजा अशाच बंदुकीने गेला. गोळी दारूवर पुरती न बसता नळीत मध्येच राहिली होती. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली, की पेटलेल्या दारूचा सारा जोर त्या जागी नळीच्या भिंतीवर येतो. लोखंड चांगले असेल तर ती जागा फुगते, नसेल तर फाटते. आणि डावा हात नेमका तेथेच असतो.

जुनी बंदूक हाती आली, की पहिला प्रश्न एकच: ती भरलेली तर नाही? गज नळीत बुडापर्यंत सोडावा, तोंडाशी बोटाने खूण धरावी आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खुणेपासूनचे टोक निपलच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी. देखणीचा गज पोचला. साधीचा मात्र चार बोटे अलीकडेच अडला. दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. मिस्त्रींनी नळीचे तोंड भिंतीकडे वळविले, निपल काढून आत पाणी सोडले आणि गजाला फिरकी लावून आतला ऐवज उकरला. चिंध्यांचा बोळा निघाला, मग छर्रे, मग ओल्या दारूचा काळा चिखल. मागचा धनी बार भरून ठेवून गेला होता, आणि ती बंदूक तशीच कित्येक हातांतून फिरली होती. भाच्याने नकळत हात मागे घेतला.

मी देखणीकडे वळलो. रायफल म्हणजे जिच्या नळीत पिळाचे आटे असतात ती. इंग्रजांच्या 1853 च्या एन्फिल्ड रायफलीचे भोक 0.577 इंचाचे असे आणि आत तीन आटे असत. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून 1857 चा वणवा पेटला. त्यानंतर सरकारने देशी शिपायांच्या हाती रायफल राहू दिली नाही; बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण 0.656 इंच भोकाच्या बिनआट्याच्या बंदुका दिल्या. आट्यांमुळे गोळी दूरवर नेमकी जाते. तो नेम सरकारला नको होता. आम्ही नळीत बारीक दिवा सोडून पाहिले. आतील भिंत गुळगुळीत! मिस्त्रींच्या मापाने भोकही मोठे भरले. पट्टीवरील अक्षरे वेडीवाकडी, म्हणजे शिक्काही बहुधा नकलेचा. हे एक वेळ चालले असते. आवाजाला आटे कशाला हवेत? परंतु नळीवरून सावकाश अंगठा फिरविताना मध्यावर किंचित उंचवटा लागला. तिरप्या उजेडात तेथे अंगठीसारखी रेघ दिसली. तो फुगवटा होता. मी बंदूक खाली ठेवली.

साधीच्या नळीत गंजाचे टिपके होते, खड्डे नव्हते. भिंत जाड आणि सरळ होती. सुटी करून टांगलेल्या नळीवर टिचकी मारताच ती घंटेसारखी वाजली. भेग असती तर आवाज बसका आला असता. बुडाच्या बुचाचे आटे शाबूत होते. घोडा अर्धा चढवून चाप दाबला, तरी तो पडला नाही. निपलचे भोक झिजून रुंद झाले होते. त्यातून जाळ मागे, डोळ्यांकडे येतो. ते नवे बसविण्यास सांगितले. दस्त्याची मान तडकलेली होती, पण दुरुस्ती उघड आणि पक्की होती.

भाचा हळूच म्हणाला, "पण मामा, धोका तर हिच्यातच निघाला."

"हिच्यातला धोका निघाला, म्हणूनच म्हणतो. तिच्यातला काढता येणार नाही."

परवान्यावर नोंद झाल्यावर मिस्त्रींनी ती शेतात लाकडी चौकटीला बांधली, चापाला लांब दोरी लावून बांधाआडून दोन बार काढले आणि नळी पुन्हा तपासली. त्यानंतरच ती भाच्याच्या खांद्याला लागली. दारू काळीच वापरावयाची, हे त्यास बजावले आहे. आधुनिक काडतुसांतील बिनधुराची दारू या नळीला झेपत नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढते आणि आमच्या पावसात रातोरात गंज धरते. म्हणून बार काढला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावयाचे. दारू एका कुलपात, केपा दुसऱ्या, किल्ली त्याच्या आईकडे.

आणि राखणीहून परतल्यावर, कितीही झोप आली असली तरी, आधी गज नळीत सोडून पाहावयाचा. हे मात्र त्याला मी सांगितलेले नाही. त्या दिवसापासून तो स्वतःच करतो.