पंचांग पाहून पक्षी

पक्षी पाहायला निघताना लोक दुर्बीण घेतात, टोपी घेतात, थर्मासमध्ये चहा घेतात. मी त्या दिवशी आधी पंचांग उघडले. करावे गावच्या एका वृद्ध कोळीकाकांनी बजावले होते, "भाऊ, पाखरं घड्याळ बघत नाहीत, पानी बघतात." किनाऱ्यावरचा भरतीचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास, घटकाभर पुढेमागे, पूर्ण भरती. आणि सहा तास आधी, पहाटे, ओहोटी. पौष पौर्णिमा मुक्रर केली.

उजाडता उजाडता नेरूळजवळ ठाण्याच्या खाडीकाठी काकांसह उभा राहिलो. थंडी बेताची होती, पण मफलर गुंडाळण्याची हौस तेवढी भागली. समोर तिवरांची काळसर रांग, आणि पलीकडे चिखलच चिखल. नाक मुरडावे असाच देखावा! पण दुर्बीण डोळ्यांना लावली मात्र, तो चिखल हलू लागला. उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेल्या तुतारी पक्ष्यांची चिमुकली पलटण लगबगीने चोची मारीत होती. शेकाट्या आपल्या लांबलचक तांबूस तंगड्या जपून टाकीत होता. कुणाची चोच आखूड, कुणाची वीतभर. एक वरचे किडे टिपतो, दुसरा खोलातले उपसतो. एका पंगतीत इतकी मंडळी, पण वाढप्याच्या नावाने ओरड नाही!

आणि त्यापलीकडे गुलाबी रेघ : रोहित! मान खाली घालून, चोच चक्क उलटी बुडवून त्यांचे जेवण चालले होते. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर जाते आणि सूक्ष्म शेवाळ आत राहते. अंगावरचा गुलाबी रंग या अन्नातूनच चढतो. पिल्लू जन्मते ते राखाडी. कच्छच्या रणात वाढलेला हा पाहुणा मुंबईच्या चिखलात येऊन रंगतो, याची मोठी गंमत वाटली.

पाणी केव्हा चढू लागले ते कळलेसुद्धा नाही. चिखलाची पट्टी अरुंद होत गेली. दहाच्या सुमारास काका म्हणाले, "आता उठतील." आणि खरोखरच सारी रेघ उठली! काळ्या-लाल पंखांचा तो पट्टा आमच्या डोक्यांवरून, रस्ता ओलांडून, मागच्या तळ्यांकडे गेला.

आम्हीही पायी निघालो. पहिल्या तळ्यात रोहित एका पायावर उभे राहून, पाठीत चोच खुपसून झोपले होते. शेजारी वारकरी पोहत होते आणि काठीवर खंड्या ध्यान लावून बसला होता. दुसऱ्या तळ्याकडे वळलो, तर तिथे पाणीच नव्हते. भेगाळलेल्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या पडल्या होत्या. मागाहून आलेला एक लहान थवा त्यावर तीनदा घिरट्या घालून परत फिरला. मी वहीत आकडा लिहिणार होतो, तो लिहवेना.

खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव गेले. पण ही तळी त्या हद्दीबाहेरची. २०२४च्या एप्रिलमध्ये इथल्याच एका तळ्याला येणारे भरतीचे पाणी अडले आणि काही रोहित दगावले. पुढच्या वर्षी ते तळे राखण्याचे शासनाने ठरवले. पण भरतीच्या वेळी पाय टेकायला एकच तळे पुरे कसे पडणार?

मी हे काकांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खाडी म्हंजे ताट, न तलाव म्हंजे पाट. ताट वाढून ठेवलंत न पाट काढून घेतलात, तर पाहुना जेवंल कसा?"

संध्याकाळी पुन्हा ओहोटी लागली. रोहित तळ्यावरून उठून खाडीकडे परतले. पूर्वेला पौषाचा चंद्र वर येत होता. चिखलावर मघाचीच पंगत पुन्हा बसली होती. मी वही उघडली आणि तारखेशेजारी तिथी लिहिली. त्याखाली त्या कोरड्या तळ्यावरून परत फिरलेल्या थव्याचा आकडाही लिहिला : सत्तावीस.