काहीच न देणारी कुंडी

झाड लावायचं म्हटलं की आपला हात सैल सुटतो. माती कसदार हवी, तळाशी शेणखत हवं, मिळाला तर हाडांचा चुराही. पुण्यातल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेच्या गच्चीत मात्र सगळा उलटा कारभार आहे. तिथे कुंडीने झाडाला काहीही द्यायचं नाही, हीच तिची पहिली परीक्षा. खत नको, क्षार नकोत, चुना तर नकोच नको. गच्चीतली बहुतेक झाडं आपलं जेवण स्वतः पकडतात.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, घर सड्याला लागून. जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोट-दोन बोटं माती, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस त्या मातीतला उरलासुरला कसही धुऊन नेतो. अशा दरिद्री जागी दवबिंदू उगवतो. वीतभर तांबूस रोप, दोऱ्यासारखी पानं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. खरं दव ऊन चढलं की उडून जातं; हे भर दुपारीही चमकत असतं. चिलट बसलं की चिकटलंच. मग आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात, पाचकरस पाझरतो, आणि जमिनीत न मिळालेला नायट्रोजन झाड चिलटातून वसूल करतं. शेजारीच सीतेची आसवं असतात. कास पठारावर त्यांच्या जांभळ्या गालिच्याचे फोटो काढणाऱ्यांना सहसा कल्पना नसते, की या नाजूक फुलाचे सापळे जमिनीखाली आहेत: टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पिशव्या, ओल्या मातीतला सूक्ष्म जीव डोळ्याचं पातं लवायच्या आत ओढून घेणाऱ्या.

ही झाडं लहानपणी पाहायची होती, लावायची नव्हती. लावायला अबोली आणि शेवंती होती, रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत. त्या डब्यांना आई खिळ्याने भोकं पाडायची ती आतून बाहेर, म्हणजे पत्र्याचे कंगोरे मुळांना लागत नाहीत. कुंडी घरीच करायची असते, हे बाईंच्या डोक्यात तिथेच पक्कं झालं असणार.

पुण्यात नोकरी, संसार, बिल्डिंगला बोअरचं पाणी. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र दुरुस्त करणारा पोऱ्या टीडीएस मीटर बुडवून विरघळलेल्या क्षारांचा आकडा वाचून दाखवतो, तो अशा पाण्यात शेकड्यांत असतो. कीटकभक्षी झाडांच्या शौकिनांचा ठोकताळा 50च्या आत राहण्याचा. त्यामुळे पाणी पावसाचं, पिंपात साठवलेलं. पण पाणी निर्मळ असून भागत नाही. मातीची कुंडी सच्छिद्र. ती पाणी पिते, बाहेरच्या अंगाने ते उडवते आणि क्षार मागे ठेवते. कुंभारवाड्यातून आणलेल्या कुंड्यांवर हळूहळू पांढरा लोणा चढतो, तो हाच. गुलाबाला त्याचं काही वाटत नाही. दवबिंदूची मुळं मात्र अशा खारात टिकत नाहीत. कोकोपीटचीही तीच गत: नारळाच्या सोडणातले क्षार निघेपर्यंत ते पुन्हा पुन्हा धुवावं लागतं.

मग भांडं कोणतं? या प्रश्नाचं एक झकास उत्तर 1877च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मिळालं होतं. चार्ल्स डार्विनने 1875मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, तरी कीटक खाऊन झाडाचा नेमका फायदा काय, ही शंका लोकांनी सोडली नव्हती. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने दवबिंदूच्याच कुळातली सुमारे 200 रोपं चक्क सूपच्या बश्यांत ओल्या शेवाळावर लावली. प्रत्येक बशीत मधोमध लाकडाची बुटकी पट्टी, वरून जाळी. पट्टीच्या एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण, दुसऱ्या बाजूला उपास. जेवलेल्या रोपांनी दुपटीहून जास्त बिया धरल्या आणि वाद मिटला. सूपची बशी त्याने का निवडली असेल कोण जाणे, बहुधा हाताशी होती म्हणून. पण निवड अचूक होती, कारण चकचकीत मुलामा दिलेली चिनी माती काही शोषत नाही आणि काही सोडत नाही.

आपल्याकडे हे लोणचं घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मीठ आणि आंबट वर्षभर पोटात ठेवूनही बरणी तशीच राहते. बाईंच्या गच्चीतली पहिली चांगली कुंडी म्हणजे सासूबाईंची झाकण फुटलेली बरणी. टाइलला भोक पाडायचं बिट, भोकाच्या जागी पाण्याची धार आणि सबुरी, एवढ्यावर तळाला भोक पडलं.

बरण्या घरात असून किती असणार? तेव्हा प्लास्टिक आलं. श्रीखंडाचे डबे दवबिंदूला पुरतात. व्हीनस फ्लायट्रॅपची मुळं खोल जातात, म्हणून त्याला दोन लिटरची बाटली. ती मधे कापायची, वरचा भाग तोंड खाली करून खालच्या भागात बसवायचा, तोंडातून वात सोडायची. वात नायलॉनची, सुती कुजते. डब्यांना भोकं गॅसवर तापवलेल्या दाभणाने, आणि अर्थातच आतून बाहेर. बाटलीला बाहेरून काळा रंग दिला नाही तर उजेडाने आत शेवाळ धरतं. थंडीत फ्लायट्रॅपला झोप लागते, पुण्याची थंडी त्याला अपुरी पडते, म्हणून बाटलीतून निघून तो काही आठवडे फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी.

मधल्या काळात हायपरटुफाची हौस झाली: सिमेंट, कोकोपीट आणि परलाइट समभाग कालवून साच्यात थापलेल्या, दगडासारख्या दिसणाऱ्या कुंड्या. दिसायला देखण्या, पण सिमेंटमधून चुना सुटत राहतो, त्यामुळे दवबिंदूच्या कामाच्या नाहीत. पाणी बदलत कित्येक आठवडे भिजवून ठेवलं की त्या मवाळ होतात, तरी भरवसा नाही. त्या सत्कारणी लागल्या मेक्सिकोच्या बटरवर्टमुळे. तिथल्या कित्येक जाती चुनखडीच्या आणि जिप्समच्या कड्यांवरच वाढतात. पानांना तुपाचा हात लागल्यासारखं दिसणारं हे झाड सिमेंटच्या कुंडीत खुशाल पसरलं आहे.

सध्याचा पाहुणा मेघालयाचा घटपर्णी, नेपेंथिस खासियाना. जंगलात त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि परदेशी व्यापारावर कडक बंदी. बाईंचं रोप रोपवाटिकेत वाढलेलं. हा मात्र सगळ्यांच्या उलट. पाण्यात बसणं त्याला सोसत नाही, मुळांना हवा लागते. कुंडी जितकी भोकांची तितकी बरी. शेवटी त्याची सोय तांदूळ धुवायच्या प्लास्टिकच्या रोवळीत झाली, तीन ठिकाणी तार ओवून टांगलेल्या. घरात तांदूळ सध्या पातेल्यात हाताने थोपवून धुतले जातात, आणि नवी रोवळी आणायला कोणी निघालं की बाई दोन आणायला सांगतात.