बारदाना

आमच्या घरातली फरशी हा आईच्या अभिमानाचा विषय. सिडको एन-६ मधलं हे घर बाबांनी बांधलं तेव्हा खाली शहाबादी होती. बाबा गेल्यावर आम्ही ती उखडली आणि पांढरी व्हिट्रिफाइड बसवली. आई दिवसातून दोनदा पुसून घेते, आणि तिच्यात तोंड दिसतं हे आल्यागेल्याला सांगते. खंड्या ऑपरेशन करून घरी आला त्या संध्याकाळी उंबरा ओलांडून त्यानं पहिलं पाऊल याच फरशीवर टाकलं. पुढचा एकुलता एक पाय सर्रकन बाजूला गेला. पोटाखाली धरलेला टॉवेल माझ्या हातात होता म्हणून वाचला. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिथंच बसला. उठेचना.

डॉक्टरांनी जखमेचं सांगितलं होतं, गोळ्यांचं सांगितलं होतं. फरशीचंही सांगितलं असेल, माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

खंड्या मूळचा सातारा गावातला, खंडोबाच्या जत्रेतला. चंपाषष्ठीला आई दर्शनाला गेली आणि भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं पिल्लू पदराखाली घेऊन आली. खंडोबाचं कुत्रं म्हटल्यावर त्याला नको म्हणायची कुणाची टाप! नावही तिथूनच ठरून आलं होतं. पाय गेल्यावर एका मावशींनी हळूच सुचवलं, "आता नाव बदला बाई, खंड्या बरं नाही वाटत." तोवर ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नंतर आठवडाभर हाक मारताना जीभ अडायची.

मे महिन्यात जळगाव रोडवर एका मोटारसायकलीनं त्याला उडवलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण डावा पुढचा पाय खांद्यापासून लोंबत होता. चालताना पंजा उलटा पडायचा आणि त्याची वरची बाजू रस्त्याला घासायची. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून जोरात दाबला, खंड्यानं वळूनही पाहिलं नाही. मानेच्या मणक्यातून पायाकडे येणाऱ्या नसांचा जुडगा मुळाशीच उपटला गेला होता. तिथून उपटलेली नस पुन्हा धरत नाही म्हणाले, तरी थोडं थांबून बघू. आम्ही पट्ट्या बांधल्या, माझ्या मुलीचे शाळेचे मोजे घातले. जखम भरायची, पुन्हा घासायची. जूनच्या अखेरीला तो स्वतःच त्या पंजाची बोटं कुरतडायला लागला. सकाळी पांढऱ्या फरशीवर रक्त होतं, आणि आईनं कुणाला न उठवता ते पुसून ठेवलं होतं.

"तो पाय आता त्याचा नाही सर, त्याला बांधलेलं ओझं आहे," डॉक्टर म्हणाले. पाय काढायचं ठरलं, तर रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट चाळीस हजार. कुत्र्याला दोन लाखांच्या वर असाव्या लागतात. गोचीड ताप. आपल्याकडे गोचिडी काही नवीन नाहीत, पण त्या अशा वेळी आडव्या येतील हे डोक्यात नव्हतं. तीन आठवडे डॉक्सीसायक्लिन पोळीत लपवून दिली, प्लेटलेट वर आल्या, आणि मग ऑपरेशन झालं. पाय फऱ्यासकट काढला. वरचा फरा तसाच ठेवला तर आजूबाजूचं मांस झडत जातं आणि नुसतं हाड कातड्याखाली टोचत राहतं.

गल्लीत प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला: जयपूर फूट बसत नाही का? १९६८ च्या सुमारास जयपुरात डॉ. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला, तेव्हापासून आपल्याला वाटतं की गेलेल्या कुठल्याही पायाला तोच इलाज. पण कृत्रिम पाय अडकवायला खुंट लागतो. खंड्याच्या त्या बाजूला छातीची सरळ भिंत होती आणि तिच्यावर टाक्यांची वीतभर रांग. हे मी इतक्यांदा समजावलं की शेवटी "ऑर्डर दिलीय" असं सांगून सुटका करून घ्यायला लागलो.

पहिल्या रात्री तो रडला. तोंडानं धापा, डोळे उघडे, आणि बासरीत फुंकर चुकावी तसा बारीक सूर. भुलीचा आणि कडक वेदनाशामकाचा अंमल उतरताना असं होतं, नुसतं दुखतंय म्हणून नव्हे, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगून ऐकण्यासारखा तो आवाज नसतो. ही आणि मी आलटून पालटून शेजारी बसलो. पहाटे तीनला शेजारचे काका चांगुलपणानं आयब्युप्रोफेनची गोळी घेऊन दारात आले. ती माणसाची गोळी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. काकांना चहा पाजून परत पाठवलं.

सकाळी फरशीचा प्रश्न होता तसाच होता. चार पायांच्या कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आता त्यातलं बरंचसं एका पायावर, आणि तो एक पाय आरशावर. आईनं काही न बोलता ट्रंकेतून गोधडी काढली. खंड्या तिच्यावर उभा राहिला आणि गोधडीसकट सोफ्याखाली गेला. सतरंजीनंही तेच केलं. हिची योगा मॅट धरून राहिली, पण एकच होती आणि घर तीन खोल्यांचं. दुपारी आई म्हणाली, "मोंढ्यातून बारदाना आण."

मी जाधववाडीच्या मोंढ्यात गेलो. दुकानदाराला वाटलं तूर भरायची असेल. खरं सांगितल्यावर त्यानं चष्मा वर केला, "कुत्ते के वास्ते?" आणि वापरलेली वीस पोती धान्याची धूळ झटकून बांधून दिली. पैसे पंधराचेच घेतले. आईनं ती उसवली, दाभण आणि सुतळीनं एकाला एक जोडली, आणि दरवाज्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून मागच्या दारापर्यंत एक रस्ता तयार झाला. पोतंही सरकतंच. म्हणून खाली वाळूजच्या आमच्या कंपनीतल्या भंगारातलं रबर शीट घातलं (रीतसर गेटपास करून, हे सांगितलेलं बरं), आणि टोकं सोफ्याच्या आणि कपाटाच्या पायाखाली दाबली. हॉलमध्ये घाऊक धान्याच्या दुकानाचा वास यायला लागला. पाहुणे आले की आई फरशीकडे बघायचंच टाळायची.

खंड्यानं तो रस्ता एका दिवसात ओळखला. गळ्यात प्लास्टिकचं ते कर्ण्यासारखं, त्यामुळे बाजूचं दिसत नसे. तो नाकानं पोत्याचा वास घेत चालायचा. चालायचा म्हणजे मागचे दोन पाय रेटायचे आणि पुढचा एक उडी मारून त्यांना वाट करून द्यायचा, दर पावलाला मान वरखाली. खाली ठेवलेल्या भांड्यात तोंड घालायला गेला की पुढे कोलमडायचा. मग भांडं देवपूजेच्या जुन्या पाटावर, पाट उलट्या घमेल्यावर.

टॉवेलचं मात्र माझं चुकलं. पोटाखाली धरून मी त्याला आठ दिवस अंगणात नेत होतो. नवव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला चालवत नाही, उचलता." मी हात सैल सोडला. तो माझ्यापेक्षा नीट चालला.

मधे छातीखाली लिंबाएवढी मऊ गाठ आली, दुसऱ्या दिवशी मोसंब्याएवढी. आमचे चेहरे पांढरे. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, रिकाम्या जागेत साचलेलं पाणी आहे, ताप नाही, लाली नाही, हात लावू नका, आपोआप जिरेल. जिरलं. त्याहून अवघड एक गोष्ट होती. गाढ झोपेतून तो एकदम किंचाळून उठायचा आणि वळून नसलेल्या पायाच्या जागी तोंड न्यायचा, कर्णा भिंतीवर खाडकन आपटायचा. गेलेला पाय दुखतो. माणसांना दुखतो ते आपण ऐकून असतो, आणि कुत्र्यालाही तसंच होत असावं असं मानून डॉक्टरांनी गॅबापेंटिन टाके निघाल्यावरही चालू ठेवली आणि मग हळूहळू उतरवली. त्या किंचाळीवर आमच्याकडे पोतं नव्हतं.

आणि मग पाण्याचा दिवस आला. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. पैठणचं धरण पन्नास किलोमीटरवर, तरी. पाणी आलं की घरातल्या माणसाचं माणूसपण संपतं: ड्रम, बादल्या, पातेली, पाइप, आरडाओरडा. त्या सकाळी पाइप हॉलमधून टाकीकडे नेला, तोंड निसटलं, फरशीवर पाणी पसरलं, पोती भिजून जड झाली. आईनं सवयीनं ती गोळा करून अंगणात टाकली. गडबड बघून खंड्या शेपूट हलवत धावत आला. रस्ता नव्हता. तो पुढच्या पायावर घसरला, हनुवटी आपटली, तिथंच फेगडा होऊन पडला. टाके बारा दिवसांचे होते. एका टाक्यातून रक्ताचा थेंब आला, बस. पण आई हातातली बादली तशीच सोडून ओल्या फरशीवर बसली आणि तिनं त्याचं डोकं, कर्ण्यासकट, मांडीवर घेतलं. नळ वाहत राहिला. आमच्या घरात नळ वाहत राहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. आधीचे सगळे दिवस तो मादीसारखा बसूनच लघवी करायचा. पाचव्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी त्यानं बराच वेळ विचार केला, मागचा पाय उचलला, आणि खांबाला टेकून पडला. उठला, पुन्हा उचलला. यावेळी आधी खांद्यानं खांबाला टेका दिला आणि मग कार्यक्रम उरकला. समोरच्या टपरीवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

वजन वाढू द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. आईला ते पटत नाही. ती पोळीचा तुकडा पदराआडून देते आणि मी पाहिलं नाही असं दाखवतो. पंजाच्या गाद्यांमधले केस दर पंधरवड्याला मी कापतो, म्हणजे पकड राहते.

दिवाळीला ही म्हणाली, आता पोती काढू या. खंड्या कोरड्या फरशीवर नीट चालायला लागला होता, नखांचा टिकटिक-टिक आवाज करत. दोन खोल्यांतली काढली, धुऊन माळ्यावर ठेवली. पाण्याच्या दिवशी पुन्हा उतरवायची आहेत. हॉलमधली आईनं काढू दिली नाहीत. लक्ष्मीपूजनाची रांगोळी तिनं बारदान्याच्या कडेनं काढली.