फैजपूरचे अधिवेशन आणि घरातली जुनी ट्रंक



केळीच्या बागा पाहण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळ जण जळगाव जिल्ह्यात जाऊन आले असतील. भुसावळ सोडून तापी ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी लागते. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आणि खाली काळीभोर कसदार जमीन. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही नावे आपल्याला ठाऊक आहेत ती बहुधा केळीच्या भावामुळे. माझेही तिकडे जाणे होते ते केळीवरील करपा, ठिबक आणि टिश्यू कल्चरची रोपे यांच्या निमित्ताने. पण फैजपूरला गेलात तर बागा पाहून झाल्यावर तासभर आणखी थांबा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. कारण या गावाने एकदा साऱ्या देशाला आपल्या शिवारात बोलावले होते.

खेड्यात भरलेली पहिली काँग्रेस

काँग्रेसचे पहिले अधिवेशन 1885 साली मुंबईत भरले. पुढची पन्नास वर्षे ही अधिवेशने शहरांतूनच भरत राहिली. देश खेड्यांचा आणि सभा मात्र शहरात, हे गांधीजींना पटत नव्हते. अधिवेशन खेड्यात भरवा, असा त्यांनी आग्रह धरला आणि काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन 27 व 28 डिसेंबर 1936 रोजी फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू आणि स्वागताध्यक्ष शंकरराव देव. जवळच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. साने गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडून लोकांना तयार करीत होते.

अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर असे नाव दिले होते. शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस सजावटीसाठी आले. त्यांना गांधीजींची अट एकच होती : खेड्यात जे मिळते, त्यातूनच सारे उभे करायचे. मग बांबू, चटया, गवत आणि दोरखंड यांतून कमानी व मंडप उभे राहिले. बांधणीचे काम म्हात्रे या स्थापत्यतज्ज्ञाने पाहिले. 25 डिसेंबरला खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या दोघांचे नाव घेऊन कौतुक केले. अध्यक्षांना मिरवत नेले ते सजवलेल्या रथातून, आणि तो रथ ओढला बैलजोड्यांनी.

अधिवेशनाने ठरावही आपल्या कामाचा केला. शेतसारा व खंड कमी करावा, शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा हलका करावा, कुळाला जमिनीवर स्थैर्य मिळावे, शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी मिळावी, सहकारी शेतीचे प्रयोग करावेत, अशी मागण्यांची यादीच तेथे मंजूर झाली. त्याच सुमारास किसान सभेचेही अधिवेशन फैजपूरला झाले आणि त्यासाठी शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी चालत आला. पुढे लगेच 1937 च्या प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि 1939 साली कुळकायदा व शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. आज आपण ज्या जमिनीचे मालक म्हणून सातबारा काढतो, त्यामागची एक वाट अशी फैजपुरातून गेली आहे.

राहिले काय?

बांबूच्या कमानी केव्हाच उतरल्या. मांडवासाठी खणलेल्या खड्ड्यांवर नांगर फिरला असेल. मग राहिले काय? राहिले ते कागद आणि फोटो.

पुढचे अधिवेशन 1938 च्या फेब्रुवारीत गुजरातेत हरिपुऱ्याला भरले. तेही खेडेच, आणि आपल्याच तापीच्या काठावरचे. तेथे नंदलालजींनी आणि त्यांच्या शिष्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक रंगवले. विषय कोणते? नांगर धरणारा, बैल आवरणारा, सूत कातणारी, ढोल वाजवणारा. मंडपात टांगायला केलेली ती प्रचाराची चित्रे. पण कोणी तरी ती जपून ठेवली, म्हणून त्यांतील पुष्कळ आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि 2019 साली इटलीतील व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनापर्यंत जाऊन आली. जपले ते टिकले, एवढाच याचा अर्थ.

प्रचाराच्या वस्तू म्हटल्या की आपल्याला वाटते, निवडणूक संपली, कचरा झाला. छातीवरचे बिल्ले, प्रवेशाचे पास, हस्तपत्रके, भिंतीवरची भित्तिपत्रके. उद्या त्यांचे काय काम? पण थोडे थांबून पाहिले तर त्यांत आपलेच घर दिसते. 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. या पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 12 लाखांहून अधिक तयार झाल्या. आणि चिन्हे कुठली? काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. प्रजा समाजवाद्यांची झोपडी आणि शेतकरी कामगार पक्षाचा खटारा जुन्या माणसांना अजून आठवतो. पुढे काँग्रेस फुटल्यावर 1971 साली इंदिराबाईंची गाय-वासरू आली, तर 1977 साली जनता पक्ष चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर निवडून आला. मत मागायला आलेला प्रत्येक जण आपल्याच गोठ्यातले आणि शेतातले काही तरी हातात घेऊन आला होता. पक्ष कोणताही असो, अशी एखादी पिवळी पडलेली चिठ्ठी हा आपल्या इतिहासाचा कागद आहे.

जळगावचे गांधीतीर्थ

फैजपूरहून परतताना जळगावला जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ जरूर पाहा. ठिबक आणि केळीची रोपे पाहायला शेतकरी या टेकडीवर नेहमी जातातच. तेथेच गांधी रिसर्च फाउंडेशनचे हे संग्रहालय आहे. भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि 25 मार्च 2012 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आत गांधीजींचे जीवन टप्प्याटप्प्याने मांडले आहे. पण आपण ध्यानात ठेवावे ते त्यामागचे काम. पत्रे, कागद, फोटो, ध्वनिफिती, चित्रफिती गोळा करणे, त्यांना ऊन, ओल आणि कीड यांपासून जपणे आणि संगणकावर त्यांच्या प्रती उतरवणे. अशा जागेला अभिलेखागार म्हणतात. आपण बियाण्याचे कोठार म्हणतो ना, तसेच हे आठवणींच्या बियाण्याचे कोठार समजा.

असे जुने फोटो पाहताना एक गोष्ट मनाला लागते. व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची नावे फोटोखाली असतात. बैल धरून उभा असलेला, कमान बांधणारा, पाण्याची कावड वाहणारा, मांडवामागे भाकऱ्या थापणारी, यांच्यापुढे मात्र 'ग्रामस्थ' किंवा 'स्वयंसेवक' एवढाच शब्द असतो, किंवा तोही नसतो. दोष अभिलेखागाराचा नाही. नाव सांगणारा कोणी आला नाही, तर ते लिहिणार काय?

एका घरातला फोटो

यावल तालुक्यातील एका केळी बागायतदाराच्या घरी मी चहाला थांबलो होतो. ओसरीवर जुनी चौकट होती. फोटोत पांढऱ्या टोप्या घातलेली अकरा माणसे, दोघांच्या छातीवर बिल्ले, मागे चटईची भिंत. घरातल्या तरुणाला एवढेच माहीत, की यात पणजोबा आहेत. कोणते, ते सांगता येईना. तेवढ्यात आतून आजी आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. अधिवेशन झाले तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या. पण लग्न होऊन या घरात आल्यावर सासऱ्यांनी हा फोटो त्यांना कैकदा दाखवला होता.

"हे मामंजी. यांच्या बाजूचे ते बैल देणारे. हा सुतार. आणि हा पोरगा पाणी भरायला होता," असे म्हणत आजींनी बोट ठेवून सात नावे सांगितली. चार राहिली. मी त्या तरुणाला म्हटले, बाबा, आत्ताच्या आत्ता लिहून घे. त्याने चौकट उतरवून मागे शिसपेन्सिलीने सात नावे लिहिली. मोबाइलवर फोटोची प्रत काढून गावच्या ग्रुपवर टाकली. आठवड्याभरात आणखी दोन नावे मिळाल्याचा त्याचा फोन आला. उरलेली दोन माणसे अजून बिननावाचीच आहेत.

बंधूंनो, विचार करा. सात नावे एका आजींच्या स्मरणावर उभी होती. नाव हरवले की तो फोटो आपल्या पणजोबांचा राहत नाही, कोणा तरी जुन्या माणसांचा होतो. आणि हे केवळ भावनेचे काम नाही. 1972 साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शनची योजना आणली, तेव्हा तुरुंगाचा दाखला, वॉरंट, दप्तरातली नोंद असा पुरावा लागे. ज्यांच्या घरी कागद जपलेला होता, त्यांचे काम सोपे झाले. कागदाचे मोल गरज पडते त्या दिवशी कळते, आणि त्या दिवशी तो नव्याने तयार करता येत नाही.

कागद कसा जपावा?

धान्य साठवण्याचे जे नियम आपण पाळतो, तेच थोड्याफार फरकाने कागदालाही लागू आहेत. ओल, उष्णता आणि कीड हे दोघांचेही वैरी.

1. फोटो व कागद जमिनीवर किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नयेत. पत्र्याची ट्रंक लाकडी फळीवर ठेवावी. चुलीच्या धुराजवळ किंवा माळ्यावर तापणाऱ्या पत्र्याखाली नको.

2. प्रत्येक फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदात आणि मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नये.

3. चिकटपट्टी, गोंद, फेव्हिकॉल लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा सुटत नाही.

4. धान्यात ठेवतो त्या विषारी गोळ्या कागदाजवळ किंवा घरात कधीही ठेवू नयेत. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी ट्रंक उघडून सावलीत हवा द्यावी. वाळवी, कसर दिसते का ते पाहावे.

5. फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे : डावीकडून कोण कोण, गाव, साल, प्रसंग. शाईचे पेन वापरू नये, डाग पुढे उमटतो. पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी.

6. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर प्रत काढावी. एक प्रत शाळेला, एक गावच्या वाचनालयाला द्यावी.

मूळ वस्तू घरात सांभाळणे जमत नसेल तर ती अभिलेखागाराला देता येते का, हे विचारावे. गांधीतीर्थासारख्या संस्था आहेत. शासनाच्या पुराभिलेख खात्याची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. देताना लेखी पोच घ्यावी आणि फोटोतल्या माणसांची नावे सोबत द्यावीत. नावांशिवाय दिलेला फोटो म्हणजे वाणाचे नाव न लिहिता दिलेले बियाणे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि जुना कागद रद्दीत जातो, तो नेमका याच दिवसांत. या वर्षी ती ट्रंक रिकामी करण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. मुलांच्या हाती पेन्सिल द्या. एकेक फोटो पुढे करा आणि विचारा, हे कोण? लिहिण्याचे काम तासाभराचे आहे. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच ते होण्यासारखे आहे.