भाऊंचं रजिस्टर

जावामध्ये लॉगिनचा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. भाषा पुण्यात शिकलो, पण त्या कामाची शिस्त मला मानोरा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या लिपिकांनी दिली. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं.

सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसून दाखले लिहायला मदत करायचो. कोणी दाखला मागायला आलं की भाऊ आधी माणसाची खात्री करून घेत: कोण, कोणाचा, शाळा कधी सोडली. तोवर दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून निघत नसे. आमच्याकडे एकेका वर्गात राठोड, चव्हाण, पवार, जाधव किती तरी. नुसत्या नावावरून पान काढणं त्यांना मान्य नव्हतं, रजिस्टर क्रमांक जुळलाच पाहिजे. पान उघडलं की त्या ओळीखाली लाकडी फूटपट्टी ठेवायची, म्हणजे नजर शेजारच्या पोराच्या जन्मतारखेवर घसरत नाही. आणि दाखल्याला लागेल तेवढंच उतरवायचं.

जावातली ‘जेएएएस’ ही ओळख तपासण्याची व्यवस्था २००२ मध्ये १.४ आवृत्तीसोबत मूळ संचात आली. तिच्यातही ‘लॉगिन’ आणि ‘कमिट’ वेगळे ठेवलेत. आधी पासवर्ड तपासायचा; एकूण ओळख पटली तरच त्या माणसाचं नाव, विभाग, अधिकार त्याच्या खात्याला जोडायचे. ही माहिती डेटाबेसमधून आणताना मी नावाने शोधत नाही, क्रमांकाने शोधतो, आणि हवे तेवढेच रकाने मागतो. नवी मुलं घाईत ‘सिलेक्ट स्टार’ लिहून सगळेच रकाने मागतात, तेव्हा मला ती फूटपट्टी आठवते.

सगळ्यात मोठं देणं मात्र रिकाम्या रकान्याचं आहे. भाऊ म्हणायचे, “नोंद नाई त नाई लिहायचं बाबू. आपल्या मनानं काई भरायचं नाई.” जावात डेटाबेसमधला आकडा ‘गेटइंट’ने वाचला आणि तो रकाना रिकामा असला, तर हाती शून्य येतं. खरोखर शून्य आहे की नोंदच नाही, हे लगेच ‘वॉझनल’ने विचारून घ्यावं लागतं. ज्याची नोंद नाही त्याला शून्य चिकटवणं हा त्या माणसावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत जन्मस्थळापुढे ‘जि. अकोला’ आहे. लोक म्हणायचे, आता वाशीम करा. भाऊंनी एकाही पानाला हात लावला नाही. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि जन्मावेळी जिल्हा अकोलाच होता. आज मी जन्मावेळचा जिल्हा आणि सध्याचा जिल्हा हे दोन रकाने वेगळे ठेवतो.

एका दिवाळीत त्यांना हे सगळं सांगितलं. जावा त्यांना नवी, पण रकाने लगेच कळले. त्यांनी विचारलं, “त्या माणसाले आपली नोंद दिसते का? चुकली असंन त तो सांगन कसा?”

आमच्या ऑफिसात ती सोय नव्हती. परत आल्यावर मी ते काम मागून घेतलं: लॉगिन झालं की ज्याची नोंद त्यालाच दिसावी, आणि खाली हरकत लिहायला जागा असावी. पहिल्याच आठवड्यात हरकती आल्या, बहुतेक जन्मतारखेच्या. ऑफिसात ते काम माझ्या नावावर जमा आहे, सुचवलं भाऊंनी.